टाके निघाले, पण हात कामाला लागला का?

दसऱ्याच्या सुमारास आपल्या नायगाव, बिलोली, देगलूर भागात सोयाबीनची मळणी सुरू होते. पाठोपाठ कापूस येतो, मग ऊसतोडीचे दिवस. या हंगामात दवाखान्यात येणाऱ्या जखमा नेहमीच्या नसतात. मळणी यंत्रात ओढला गेलेला हात, कोयत्याने तुटलेली बोटाची शीर, उसाच्या गाडीवरून पडून मोडलेला पाय. कृष्णूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि गावोगावच्या बांधकामांवरही असे अपघात होतात.

जीव वाचवण्याच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रिया होते. पण दहा-बारा दिवसांनी टाके निघतात, हातात एक कागद पडतो आणि मजूर घरी येतो. तिथून पुढे त्याचे काय होते, याची चौकशी कोणीच करीत नाही. माझ्या मते खरे अपंगत्व पुष्कळदा तिथूनच सुरू होते.

कसे ते पाहा. जखम भरताना नवी तयार होणारी ऊती आकसते. दुखते म्हणून रोगी हात हलवीत नाही, गळ्यात बांधून ठेवतो. हात लोंबता राहिला की सूज उतरत नाही, आणि काही आठवड्यांतच बोटांचे सांधे आखडतात. हाड जुळलेले असते, जखम सुकलेली असते, पण मूठ वळत नाही. ज्याला मूठ वळत नाही त्याला खुरपे धरता येत नाही, कोयता धरता येत नाही आणि पाटीही उचलता येत नाही. हे टाळण्याचा उपाय महागडा नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून रोज ठरलेले व्यायाम आणि मधूनमधून भौतिकोपचार तज्ज्ञाची तपासणी, एवढेच. पण तो तज्ज्ञ नांदेडला. एका खेपेला गाडीभाडे जाते, सोबत्याची मजुरी बुडते आणि अख्खा दिवस मोडतो. दोन खेपांनंतर मजूर जाणे सोडतो. त्याला आळशी म्हणण्याआधी हा हिशेब मांडून पाहावा.

दुसरा हिशेब पैशाचा. ऊसतोड कामगाराने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हात मोडला तरी उचल फिटत नाही. ती पुढच्या हंगामावर जाते आणि मग बायकोबरोबर शाळेतले पोरगेही फडात उभे राहते. सालगड्याचे साल मोडते. अपघात एका माणसाला होतो, पण त्याचे दुखणे सगळे घर काढते.

कायदा नाही असे नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. आता त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कामामुळे आणि कामावर असताना इजा झाली, तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची. अंगठा गेल्यास कमाईची ३० टक्के क्षमता गेली असे कायदा मानतो, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के. यंत्राच्या साहाय्याने होणारे शेतीकामही कायद्याच्या यादीत येते. शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातील एका व्यक्तीसाठी. यंत्रात पेंढी सारणाऱ्या भूमिहीन मजुराचे नाव कोणत्या सातबारावर असणार?

आणि हक्क असूनही तो बुडतो तो पहिल्याच दिवशी. मालक किंवा गुत्तेदार कानात सांगतो, "घरी पडलो म्हण, उगीच पोलीस केस नको." मजूर तसेच सांगतो, केसपेपरवर तसेच लिहिले जाते आणि पुढे कोणत्याही कार्यालयात तोच कागद त्याच्याविरुद्ध बोलतो.

मग करावे काय? मला वाटते, जखमी कामगारामागे एक माणूस हवा. क्षयरोगाच्या कार्यक्रमाने आपल्याला हा धडा कधीच दिला आहे. नुसत्या गोळ्या वाटून क्षय बरा होत नाही, म्हणून रोग्याने गोळी घेतली की नाही हे पाहणारी व्यक्ती नेमली गेली. आज वाडी-तांड्यावरची आशाताई बाळंतिणीच्या दारात जाते. तशीच कामावर जखमी झालेल्या माणसाच्या दारात कोणी तरी का जाऊ नये? जर्मनीत १८८४ साली कामगार अपघात विम्याचा कायदा झाला. तिथल्या विमा संस्था आधी माणसाला पुन्हा कामावर उभे करण्याचा प्रयत्न करतात, निवृत्तिवेतनाचा विचार नंतर. त्यासाठी गंभीर जखमीच्या पाठीशी एक जबाबदार माणूस देतात. तो डॉक्टर, मालक आणि विमा कार्यालय यांची सांगड घालतो.

आपल्याला तेवढा थाट नको. ग्रामीण रुग्णालयात एका कर्मचाऱ्याकडे कामावर जखमी झालेल्यांची वही असावी. मोठ्या रुग्णालयातून सुटी झाली की तिथल्या समाजसेवा अधीक्षकाने इकडे कळवावे. तज्ज्ञाने आठवड्यातून एक दिवस, शक्यतो बाजाराच्या दिवशी, तालुक्याला यावे. वही सांभाळणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात : व्यायाम चालू आहे का, कागद पुरे आहेत का आणि मालकाशी बोलणे झाले का.

मालक म्हणतील, आमच्याकडे हलके काम नसते. असते. पोती मोजणे, काट्यावर बसणे, राखण करणे, पाणी देणे ही कामे कोणी तरी करतोच. काही म्हणतील, अशाने मजूर दुखण्याचे सोंग करतील. हातावर पोट असलेला माणूस फार दिवस सोंग करू शकत नाही. आणि करतो की नाही हे पाहायलाही तोच वहीवाला माणूस उपयोगी पडेल.

तोपर्यंत वाचकांनी एवढे तरी लक्षात ठेवावे :

१) जखमेवर हळद, चहापत्ती, माती लावू नये. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे, हात उंच ठेवावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

२) बोट तुटून वेगळे झाल्यास ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात घालू नये. जखमीबरोबर ते लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे.

३) अपघात कोठे, कोणत्या कामावर, किती वाजता झाला हे केसपेपरवर खरे लिहून घ्यावे. सगळे कागद एका पिशवीत जपावे.

४) भरपाईचा अर्ज करण्यास उशीर करू नये. कामगार कार्यालयात लवकर चौकशी करावी.

५) टाके निघाले म्हणजे उपचार संपला असे समजू नये. मूठ पूर्ण वळेपर्यंत व्यायाम सोडू नये.

यंत्र बिघडले तर आपण त्याच दिवशी मिस्त्री बोलावतो आणि ते चालू होईपर्यंत त्याच्यापाशी उभे राहतो. त्या यंत्रात हात सापडलेल्या माणसापाशीही तेवढेच उभे राहावे, एवढीच अपेक्षा आहे.