दुखणारच, त्यात काय?

दोन महिन्यांपूर्वी बाबांच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, पहिली रात्र मात्र भयानक गेली. ज्या माणसाला मी जन्मात कण्हताना ऐकलं नव्हतं, तो कूस बदलवताना रडला. सिस्टर म्हणाल्या, "मणक्याचं ऑपरेशन आहे, दुखणारच." मीही मान डोलावली. आता त्याचीच लाज वाटते.

नंतर सवयीप्रमाणे वाचत बसलो. 'इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक' नावाचा एक प्रकार आहे. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीवर बघत, पाठीच्या उभ्या स्नायूखाली, मणक्याच्या बाजूला आलेल्या हाडाच्या टोकाशी बधिर करणारं औषध सोडतात. पाठीकडे येणाऱ्या नसा काही तास गप्प बसतात. फोरेरो आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली हा ब्लॉक मांडला, तोही छातीच्या दुखण्यासाठी. मणक्याच्या ऑपरेशनला तो नंतर वापरात आला. सुई मज्जारज्जूपासून लांब राहते. पायातली ताकद सहसा जात नाही, त्यामुळे "अंगठा हलवा बघू" म्हणून सर्जनना तपासताही येतं.

ही काही जादूची कांडी नाही. असर काही तासांचाच, फायदा सगळ्या अभ्यासांत सारखा दिसत नाही आणि प्रत्येक पेशंटला चालेलच असंही नाही. पण मॉर्फिनसारखी औषधं कमी लागली तर मळमळ, गुंगी कमी होते, पेशंट लवकर उठून चालू शकतो. हे थोडं आहे का?

पण माझा मुद्दा ब्लॉकचा नाहीच. आम्ही सर्जनना स्क्रू कसले ते विचारलं, इन्शुरन्सवाल्यांशी खोलीच्या भाड्यावरून भांडलो. भूलतज्ज्ञ आदल्या संध्याकाळी येऊन गेले, त्यांना काय विचारलं? "शुद्धीवर कधी येतील?" बस्स. आमच्या धंद्यात जे रिक्वायरमेंटमध्ये नाही, ते कुणी बनवत नाही. दुखणं आमच्या यादीतच नव्हतं. आपल्याकडे सोसण्याचं कौतुकच फार!

तेव्हा मंडळी, घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर आदल्या दिवशीच विचारा, "पहिल्या रात्री दुखण्याचं काय करणार? ब्लॉक देता येईल का?" उत्तर 'नाही' आलं तरी कारण तरी कळेल.

बाबा आता रोज बागेत दोन फेऱ्या मारतात. त्या रात्रीबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत. मीही विचारत नाही.