भिंतीवरील चित्र आणि कॅनव्हासचें सोंग

भिंतीवर लावावयाचें छापील चित्र कागदावर घ्यावें कीं कॅनव्हासवर, असा प्रश्न हल्लीं सुशिक्षित घरांत निघाला म्हणजे कौल बहुधा कॅनव्हासकडे जातो. ‘तें खऱ्या तैलचित्रासारखें दिसतें’ हें त्याचें कारण! आमचा आक्षेप नेमका याच कारणावर आहे.

हें सोंग नवें नाहीं. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला. त्या काळच्या ओलिओग्राफांवरही तैलरंगाचा भास व्हावा म्हणून वार्निश चढवीत. पण त्या छापांनीं देवदेवतांचीं चित्रें सामान्यांच्या घरीं पोंचविलीं. तेथें सोंगामागें कांहीं कार्य होतें. आजच्या कॅनव्हासमागें कोणतें आहे? तो पुष्कळदां पॉलिएस्टरचा असतो, आणि ज्या जलरंगचित्राचें मूळच कागदावर, त्याची बारीक रेघ कापडाची वीण गिळून टाकते.

टिकाऊपणाचें म्हणाल, तर तो कापडाच्या नांवावर नव्हे, शाईवर व कागदाच्या जातीवर अवलंबून आहे. लाकडाच्या लगद्याचा, लिग्निन राहिलेला कागद पिवळा पडतो, हें खरें. परंतु आम्लरहित सुती कागदावर पिगमेंट शाईनें काढलेला छाप, कांचेला चिकटूं न देतां चौकटींत बसविला आणि ऊन व पावसाळी ओल यांपासून जपला, तर पिढी ओलांडून टिकतो.

छाप हा छापच आहे, हें कबूल करण्यांत लाज कसली? ज्या घराला भिंतीवर खोटें तैलचित्र चालतें, त्या घरानें मुलांस सचोटीचे पाठ देण्यापूर्वीं एकदां भिंतीकडे पाहावें!