आईनं काहीही दाबलेलं नाही

रविवारी घरून येणाऱ्या फोनचे तीन विषय ठरलेले असतात. जेवलास का, स्थळं बघायची का, आणि चॅनल गेलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपली पाठ आहेत. तिसऱ्यावर मात्र हिंजवडीत दिवसभर सर्व्हर सांभाळणारा भिडूसुद्धा गार पडतो. ‘मेकॅनिकला बोलव ना,’ म्हणतो आणि विषय संपवतो.

आमच्या महागावचंच घ्या. यवतमाळ जिल्ह्यातलं, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं तालुक्याचं गाव. पोरं नोकरीसाठी नागपूर-पुण्याला, मागे आई-बाबा, गच्चीवर छत्री आणि टीव्हीखाली काळा डबा. एके दिवशी रोजचं चॅनल दिसेनासं होतं आणि फोन येतो, ‘अरे बाबू, चॅनल गेलं. माह्याच हातून काही दाबल्या गेलं काय?’

आजचा कॉलम या शेवटच्या वाक्यासाठी. कारण बहुतेक वेळा आईनं काहीही दाबलेलं नसतं.

आधी छत्रीचा फंडा. दूरदर्शनची फुकट सेवा, म्हणजे डीडी फ्री डिश, जीसॅट-१५ या आपल्या उपग्रहावरून येते. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. महागावच्या गच्चीतून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीतूनही तो आग्नेयेलाच, दोन-एक अंश खाली. म्हणजे छत्रीसाठी पुणं आणि महागाव जवळजवळ एकच गाव! म्हणून फोनवर विचारायचा पहिला प्रश्न: आग्नेयेला कोणी नवा मजला चढवला का? लिंब वाढला का? माकडं गच्चीवर येऊन गेली का? (हसू नका, गावाकडे हे नेहमीचं आहे.)

छत्रीच्या तोंडाशी जो गोळा असतो तो एलएनबी. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी ११-१२ गिगाहर्ट्झच्या. त्या साध्या केबलमधून खाली आणायला गेलं तर वाटेतच विरतील. म्हणून एलएनबी त्यांना ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवतो. त्याला वीज लागते आणि ती त्याच केबलमधून डबाच वर पाठवतो. १३ व्होल्ट पाठवले की उभ्या लहरी, १८ पाठवले की आडव्या. एक साधी तार, पण तिच्यातून चित्र खाली येतं आणि हुकूम वर जातो. कधी निम्मी चॅनल दिसतात आणि निम्मी गायब असतात ना? तेव्हा बऱ्याचदा या दोनपैकी एक हुकूम वर पोचत नसतो. केबलचा गंजलेला जॉइंट बघायला सांगा. नवा डबा घ्यायची घाई नको.

आता खरी गंमत. आपल्याला वाटतं, एक चॅनल म्हणजे एक लहर. तसं नाही. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरमधून दहा-बारा, कधी त्याहून जास्त चॅनल एकत्र येतात. एकाच ट्रकमध्ये बारा दुकानांचा माल भरावा तसं. माल १८८ बाइटच्या छोट्या खोक्यांत बांधलेला आणि प्रत्येक खोक्यावर एक नंबर. चित्राचा नंबर वेगळा, आवाजाचा वेगळा, हिंदी आणि इंग्रजी कॉमेंट्रीचा आणखी वेगळा. ट्रकमध्ये दर सेकंदाला अनेकदा एक यादी फिरत असते: अमुक चॅनलची चित्रं या नंबरच्या खोक्यांत, आवाज त्या नंबरच्या. डबा यादी वाचतो, हवी ती खोकी उचलतो आणि बाकीची सोडून देतो. त्यामुळे चित्र दिसतंय पण आवाज अनोळखी भाषेत येतोय, असा फोन आला तर रिमोटवरचं ऑडिओ किंवा लँग्वेजचं बटण दाबायला सांगा. डब्यानं खोकी उचलली, फक्त आवाजाची दुसरी.

याच यादीसोबत आणखी एक यादी येते: या नेटवर्कचे बाकीचे ट्रक कोणत्या लहरीवर आहेत त्याची. एक सापडला की उरलेल्यांचा पत्ता मिळतो. डबा नवा लावल्यावर ‘नेटवर्क सर्च’ करतो तेव्हा तो हेच करतो. सापडलेलं सगळं तो स्वतःच्या मेमरीत लिहून ठेवतो आणि प्रत्येकाला एक क्रमांक देतो.

तर रिमोटवरचा क्रमांक हा चॅनलचा पत्ता नव्हे. तुमच्या मोबाइलमध्ये ‘आई’ असं नाव सेव्ह असतं, तसा तो. आईनं सिम बदललं तर नाव तिथंच राहतं, फोन मात्र लागत नाही. दिल्लीत कोणी चॅनल एका ट्रकमधून काढून दुसऱ्यात टाकलं की महागावच्या डब्यातला जुना पत्ता मेला. पडद्यावर ‘नो सिग्नल’ किंवा काळोख. आणि आई स्वतःलाच दोष देत बसते.

पेड डीटीएचवाल्यांकडे हा त्रास कमी. डिश टीव्ही २००३ पासून, टाटा स्काय २००६ पासून (२०२२ पासून तिचं नाव टाटा प्ले). त्यांचे डबे त्यांच्याच हुकमाचे, नवी यादी वरूनच ढकलतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. फ्री डिशचे डबे बाजारातून कुठल्याही कंपनीचे घेतलेले. त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा शोध घ्यायला माणसानंच सांगावं लागतं.

आणि फ्री डिशवरच सर्वांत जास्त उलथापालथ होते! ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावानं ३३ चॅनलवर सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, छत्री-डबा घेतला की झालं. आज ती चार कोटींहून जास्त घरांत असल्याचा अंदाज आहे. एवढे प्रेक्षक म्हटल्यावर खासगी चॅनलवाले मागे कसे राहतील? प्रसार भारती तिथल्या जागांचा ई-लिलाव करते, बोली कोटींत लागते आणि जागा मिळते साधारणपणे १ एप्रिल ते ३१ मार्च अशी वर्षभरासाठी. म्हणजे १ एप्रिलला आईचं चॅनल गायब झालं तर तो एप्रिल फूल नसतो. त्या चॅनलनं बोली लावली नाही किंवा लावून हरलं. २०१९ मध्ये झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल आणि रिश्ते या मोठ्या समूहांच्या चॅनलनी फ्री डिश सोडली, २०२० मध्ये ती परतली, २०२२ मध्ये पुन्हा गेली. प्रत्येक वेळी गावागावांत किती जणांनी रिमोट आपटले असतील, कल्पना करा. मुंबई-दिल्लीतल्या बोर्डरूममध्ये ठरतं आणि अपराधी वाटतं महागावच्या आजीला. हे मला तरी पटत नाही. निदान जुन्या चॅनलच्या जागी महिनाभर मराठीत एक पाटी लावायला काय हरकत आहे?

आणखी एक घोळ. फ्री डिशवर काही चॅनल जुन्या एमपीईजी-२ पद्धतीत आहेत, काही नव्या एमपीईजी-४ मध्ये. जुन्या डब्याला नव्या पद्धतीची खोकी उघडताच येत नाहीत. म्हणून शेजाऱ्याकडे तेवढीच छत्री, तीच दिशा, तरी चॅनल जास्त. इथे कितीही शोध घेतला तरी उपयोग नाही, इथे खरंच नवा डबा लागतो.

क्रमांकांचं राजकारण वेगळंच. केबलच्या जमान्यात पहिल्या काही जागांसाठी चॅनलवाले केबलवाल्याला पैसे मोजायचे, कारण माणूस वरूनच बटण दाबत जातो. २०१७ मध्ये ट्रायनं नियम केला: एका प्रकारची चॅनल सलग, त्यांतही एका भाषेची एकत्र, एक चॅनल एकाच जागी, आणि दिलेला क्रमांक किमान वर्षभर बदलायचा नाही. पेड डीटीएचवर मराठी बातम्या एका रांगेत आणि मराठी मालिका एका रांगेत मिळतात, त्यामागे हा नियम आहे.

पेडवाल्यांचा नेहमीचा फोन दुसरा: ‘रिचार्ज केला, तरी येऊन नाही राहिलं.’ उपग्रहाला तुम्ही माहीतच नसता, बॉस. सगळा माल सगळ्या छत्र्यांवर पडतो, कुलूप लावून. ‘अमुक कार्डाला अमुक चॅनल उघडा’ हा निरोपही उपग्रहावरूनच सगळ्यांना जातो, ज्याचा त्याचा डबा आपला नंबर ओळखून तो घेतो. डबा बंद असेल किंवा पावसानं सिग्नल गेला असेल तर निरोप हुकतो. म्हणून रिचार्जनंतर डबा चालू ठेवून थोडा वेळ थांबायचं, नाहीतर कंपनीकडून निरोप पुन्हा पाठवून घ्यायचा. पैसे बुडालेले नसतात.

फोनवर निदान करायचं असेल तर मेन्यूतून सिग्नलचं पान उघडायला सांगा. तिथे दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंथवर जाऊ नका, छत्री भलतीकडे तोंड करून बसली तरी ती भरलेली दिसू शकते. क्वालिटी विचारा. क्वालिटी शून्य असेल तर भानगड गच्चीवर आहे, किंवा जोराचा पाऊस आहे. या लहरींना पावसाचे थेंब खातात, पाऊस थांबला की आपोआप येईल. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र फुटलं तर सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलाय, कुणालाही बोलावू नका. आणि क्वालिटी चांगली असूनही चॅनल नसेल तर पत्ता बदललाय. ऑटो स्कॅन, पाच-दहा मिनिटं, संपलं.

फक्त एक काळजी घ्या. काही डब्यांत स्कॅन केल्यावर क्रमांक सरकतात आणि फेव्हरिटची यादीही पुसली जाते. तेव्हा स्कॅन झाल्यावर फोन ठेवू नका. सह्याद्री, बातम्या, बाबांचे जुने सिनेमे, असे सात-आठ नवे क्रमांक आईकडून मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद टीव्हीच्या शेजारी चिकटवायला सांगा, तारखेसकट.