कुंपण शेत का खाते?

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न आपल्या भाषेने फार पूर्वीच विचारून ठेवला आहे. वैद्यकशास्त्राला हाच प्रश्न गेले शतकभर छळीत आला आहे. शरीराच्या रक्षणासाठी असलेली प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटली म्हणजे सांधे वाकविणारा आमवात, बालवयातच जडणारा मधुमेह यांसारखी दुखणी उद्भवतात. आपल्याकडे ती बहुधा नशिबाच्या किंवा देवस्कीच्या खाती जमा होतात. कुंपण शेत का खाते, याचे उत्तर आता काही अंशी हाती आले असताना हा जमाखर्च असाच चालू ठेवणे योग्य नव्हे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागांत जे घडले ते स्मरणात असेल. धडधाकट माणसांच्या पायांतील बळ एकाएकी गेले. काहींना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले आणि काही दगावले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. गियाँ-बारे नावाचा हा विकार १९१६ पासून वैद्यांना ठाऊक आहे. तो एकापासून दुसऱ्यास होत नाही. मग एकाच भागात इतके रुग्ण कसे? अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. संशयाचा रोख साहजिकच पिण्याच्या पाण्याकडे वळला.

या जिवाणूच्या आवरणातील काही घटक आपल्या मज्जातंतूंवरील घटकांशी विलक्षण जुळतात. जिवाणूला मारण्यासाठी शरीराने सिद्ध केलेली प्रतिद्रव्ये या साम्याने फसतात आणि शत्रू गेल्यावर स्वकीयांवर तुटून पडतात. म्हणून जुलाब थांबतात आणि नंतर, काही दिवसांनी वा आठवड्यांनी, पाय लुळे पडतात.

हीच कथा घशाच्या एका दुखण्याची. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे मुलांचा घसा सुजतो आणि चार-सहा दिवसांत बरा झाल्यासारखा वाटतो. पण त्यांपैकी काहींना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा होते. या संधिवाती हृदयरोगाचा बळी ठरणारी मुले बहुधा पाच ते पंधरा वयाची असतात. वेळीच दिलेले साधे पेनिसिलीन ही आपत्ती टाळू शकते.

प्रत्येक संसर्गाचा शेवट असा होतो, असे मात्र कोणी समजू नये. कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्या सुमारे हजारांत एकालाच गियाँ-बारे होतो. आनुवंशिक ठेवण हेही एक कारण आहे. यांतील बहुतेक विकार स्त्रियांना अधिक होतात, तर धूम्रपानाने आमवाताचा धोका वाढतो. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दल २०२५ चे नोबेल पारितोषिक ब्रुंको, रॅम्सडेल व साकागुची यांना मिळाले. म्हणजे कुंपणावरही पहारा असतो. तो ढिला पडतो तेव्हा अनर्थ होतो. पहारा ढिला का पडतो, हे पूर्णपणे कळण्यास अवकाश आहे. आईबापांकडून आलेली ठेवण बदलणेही आपल्या हाती नाही. परंतु ठिणगी टाकणारा संसर्ग रोखणे पुष्कळसे आपल्या हाती आहे.

येथेच मालवण किनाऱ्याचा विचार करणे प्राप्त होते. तारकर्ली-देवबागची चिंचोळी पट्टी समुद्र आणि कर्ली खाडी यांच्यामध्ये वसली आहे. तेथील वाळूतून आणि इतरत्र जांभ्याच्या कातळातून पाणी सहज झिरपते. मग शोषखड्ड्यातील मैला शेजारच्या विहिरीकडे झिरपणार नाही, अशी खात्री कोणी द्यावी? पर्यटनाने घरोघर न्याहारी-निवास उभे केले, ही आनंदाची गोष्ट आहे. खोल्या वाढल्या तसे शोषखड्डे वाढले. विहीर मात्र तीच राहिली. पुण्यात जे झाले ते येथे झाले आहे, असे आम्ही म्हणत नाही. ते होईपर्यंत थांबू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात विहिरींच्या पाण्याची तपासणी करावी, क्लोरीन नियमाने घालावे आणि विहिरीपासून सुरक्षित अंतर राखल्याविना नव्या शोषखड्ड्यास परवानगी देऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रांत पेनिसिलीनची टंचाई पडता कामा नये. ओरोस येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने शाळांतील मुलांच्या हृदयतपासणीचे काम हाती घेतल्यास जिल्ह्याचे मोठे हित होईल. पाणी उकळून पिणे, कोंबडी पुरती शिजविणे, कच्चे मांस कापलेल्या सुरीने कोशिंबीर न चिरणे, मुलाचा घसा सुजून ताप आला तर डॉक्टरांना दाखविणे, हे तर घरोघर करता येण्याजोगे आहे.

संकट आले की देवळात जाऊन गाऱ्हाणे घालण्याची कोकणाची रीत आहे. ती श्रद्धा ज्याची त्याने जपावी. मात्र विहिरीच्या पाण्याचे गाऱ्हाणे ग्रामसभेतच घातले पाहिजे, आणि तेही दुखणे येण्यापूर्वी.