पासवर्ड कुणाला सांगू नका, मलासुद्धा

मागच्या उन्हाळ्यात पुण्याच्या आमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला. बदलला म्हणजे बाबांनी बदलला. मी इकडे न्यूजर्सीत बसून फोनवर बडबड करत होतो, इतकंच. काम पाच मिनिटांचं, पण लागला दीड तास. आता पाच मिनिटांच्या कामावर अख्खा लेख पाडायचा म्हणजे इंजिनियरला दुसरे उद्योग नाहीत असं वाटेल, पण त्या दीड तासात माझं एक मत पक्कं झालं. ते असं की आम्ही परदेशात राहणाऱ्या मुलामुलींनी आईवडिलांच्या कॉम्प्युटरमध्ये दुरून शिरून त्यांची कामं परस्पर उरकणं बंद केलं पाहिजे.

आता हे उलटंच वाटेल. मुलगा कॉम्प्युटरवाला, आईबाबा सत्तरीतले, मग त्याने नाही करायचं तर कुणी? मीही वर्षानुवर्षं तेच करत होतो. दर रविवारी सकाळी बाबांचा फोन, "अरे ते परत अडकलं बघ." मग मी म्हणायचो, बाबा, ते अमुक ॲप उघडा, त्यात आकडा दिसतोय तो मला सांगा, आता हो म्हणा. की झालं! पडदा त्यांचा, माउस माझा. बाबा तिकडे चहा प्यायला मोकळे. मला वाटायचं, काय सेवा करतोय मी मातापित्यांची!

मग गेल्या वर्षी एका बुधवारी बाबांना "बँकेतून" फोन आला. केवायसी बाकी आहे, खातं बंद होईल, घाबरू नका, एक ॲप घ्या, त्यातला आकडा सांगा, आम्ही इथूनच करून देतो. बाबांनी ॲप उतरवून घेतलं. आकडा वाचायला चष्मा शोधत होते, तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "आज बुधवार ना? हे असले उद्योग तुम्ही रविवारी करता." बाबा थबकले, फोन ठेवला आणि मला लावला. पैसे वाचले. पण नंतर बाबा जे म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही. "मला काही वेगळं वाटलंच नाही रे. तू करतोस तसंच तर होतं."

खरंच की! फोनवरचा आवाज सांगेल ते उघडायचं, आकडा वाचून दाखवायचा, हो म्हणायचं आणि बाजूला व्हायचं, ही सवय त्यांना चोराने लावली नव्हती, मी लावली होती. पडदा दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या ॲपवरून असे पैसे जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना दिला होता. मी तो वाचून आईबाबांना व्हॉट्सॲपवर पाठवलाही होता बहुतेक. आणि पुढच्या रविवारी परत आकडा विचारला असणार.

म्हणून वायफायचं काम निघालं तेव्हा ठरवलं, माउसला हात लावायचा नाही.

काम निघालं कसं, तर नेट फार हळू चालतंय अशी तक्रार होती. कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने पासवर्ड ठेवला होता बाबांचा मोबाईल नंबर. लक्षात राहायला सोपा म्हणून. आता बाबांचा नंबर अख्ख्या बिल्डिंगला पाठ, कारण ते सोसायटीचे माजी सेक्रेटरी. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकांपासून वॉचमनच्या भाच्यापर्यंत सगळे आमच्या नेटवर.

आईला यात काही वावगं वाटत नव्हतं. समोरच्या वहिनींचा मुलगा त्यावर अभ्यास करतो, त्याला नाही कसं म्हणायचं? हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. मी २००० च्या दशकात इकडे आलो तेव्हा पहिले काही महिने शेजाऱ्याच्या उघड्या वायफायवरच काढले होते, तेही न विचारता. तेव्हा लॅपटॉप उघडला की कुलूप नसलेली चार-पाच नेटवर्कं दिसायची, नावं कंपनीने ठेवलेली तशीच. एक दिवस शेजाऱ्याने कुलूप लावलं आणि मला चक्क त्याचा राग आला! तेव्हा फुकट्याची बाजू मला चांगली माहीत आहे.

पण नेट हळू होणं ही त्यातली सगळ्यात किरकोळ अडचण. २६ जुलै २००८ ला अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी जबाबदारी घेणारी ईमेल गेली ती नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून. पाठवणारे दुसरेच, पण पोलीस आधी पोचले ते त्याच्या दारात. पोचणारच. बाहेरच्या जगाला घराघरातली माणसं दिसत नाहीत, कनेक्शन दिसतं आणि ते ज्याच्या नावावर आहे तो माणूस दिसतो. घरच्या वायफायवर कुणी काय केलं याचं पहिलं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

आणि मोबाईल नंबर हा पासवर्ड न सांगतासुद्धा कळतो. एखादा फोन वायफायला जोडला जातो तेव्हा राउटरशी त्याची जी बोलणी होतात, ती जवळपास बसून टिपता येतात आणि मग घरी जाऊन निवांत एकेक पासवर्ड लावून बघता येतो. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा आकडी. म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. माणसाला हा आकडा अफाट, पण चांगलं ग्राफिक कार्ड असे पासवर्ड सेकंदाला लाखांनी तपासतं. म्हणजे काही तासांचं काम. त्यापेक्षा एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत. कमीत कमी आठ अक्षरं लागतात, ६३ पर्यंत चालतात.

तर रविवार सकाळ. तिकडे साडेसात, इकडे शनिवारी रात्रीचे दहा. बाबा लॅपटॉप घेऊन बसले आणि पहिलाच प्रश्न, "यात वायफायच्या खुणेवर पासवर्ड दिसतोय, तोच बदलू का?" बहुतेकांची हीच समजूत असते. लॅपटॉपमध्ये दिसतो तो लॅपटॉपने लक्षात ठेवलेला पासवर्ड. तिथे बदललं तर फक्त लॅपटॉपची आठवण बदलते, दाराचं कुलूप तेच राहतं. कुलूप असतं राउटरमध्ये, म्हणजे ते दिवे लुकलुकणारं खोकं असतं त्यात.

त्या खोक्याचा पत्ता कॉम्प्युटरलाच विचारायचा. विंडोजमध्ये काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग असं इंग्रजीत टाईप केलं की डिफॉल्ट गेटवेपुढे आकडे येतात. आमच्याकडे आले १९२.१६८.१.१. समोरच्या वहिनींकडेही बहुधा हेच असतील. घोटाळा होत नाही, कारण हे आकडे घराच्या आतच वापरायचे असतात. प्रत्येक बिल्डिंगमध्ये १०१ नंबरचा फ्लॅट असतो ना, तसं.

हे आकडे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकायचे. बाबांनी टाकले ते गूगलच्या चौकटीत, त्यामुळे दहा मिनिटं भलत्याच जाहिराती वाचण्यात गेली. मग नीट टाकले तर पडद्यावर सूचना, हे पान सुरक्षित नाही. बाबांनी हात काढून घेतला. "तूच सांगितलंस, असं दिसलं की पुढे जायचं नाही." मला इतका आनंद झाला! त्यांना सांगितलं की नियम बरोबर आहे, यापुढेही पाळा, फक्त हे पान तुमच्याच टेबलावरच्या खोक्यातून येतंय. बाहेरच्या जगात त्याची ओळख पटवून देणारं कुणी नसतं म्हणून ब्राउझर कुरकुरतो. मी हे काम करत असतो तर ती सूचना मी न वाचताच पुढे ढकलली असती, आणि बाबांना वाटलं असतं की असंच ढकलायचं असतं.

पुढे त्या पानाने नाव आणि पासवर्ड विचारला. इथे दोन किल्ल्या असतात हे लक्षात घ्या. वायफायचा पासवर्ड म्हणजे दाराच्या लॅचची किल्ली. हा दुसरा, ॲडमिनचा, म्हणजे गोदरेजच्या कपाटाची. तो राउटरच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर असतो, आणि जुन्या खोक्यांवर बऱ्याचदा नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने अशा कंपनीने दिलेल्या साठ-एक जोड्यांची यादी घेऊन जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला इकडे ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास लोकांना उघडेनात. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला. १ जानेवारी २०२० पासून तिथे प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड हवा, नाहीतर पहिल्यांदा वापरताना नवा ठेवायला लावायला हवा. ब्रिटनमध्ये सरसकट एकच पासवर्ड असलेली उपकरणं विकायला एप्रिल २०२४ पासून बंदी आहे. पण कायदा दुकानातल्या नव्या खोक्याला लागू. तुमच्या टीव्हीमागचं खोकं तुम्हीच बघायचं.

आमच्या कागदावरचा पासवर्ड चालेना. कनेक्शनवाल्यांना फोन केला तर म्हणे, "काका, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही इथून बदलून देतो." परत तेच! बाबा म्हणाले, "घर माझं, किल्ली मला पाहिजे." दोन-तीनदा म्हणाले तेव्हा मिळाली. तुम्हीही मागा, आणि मिळाली की तीसुद्धा बदला. राउटरच्या मागे टाचणीने दाबायचं एक भोक असतं, त्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याने पासवर्डाबरोबर कनेक्शनची सगळी माहितीही पुसली जाऊ शकते, आणि मग कनेक्शनवाल्यांशिवाय गत्यंतर नाही.

आत शिरल्यावर वायरलेस, मग सिक्युरिटी. तिथे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडायचं. डब्ल्यूईपी दिसलं तर त्याकडे बघूही नका, ते २००१ सालीच मोडलंय. २.४ आणि ५ अशी दोन नेटवर्कं असतील तर पासवर्ड दोन्हीकडे बदलायचा, नाहीतर पुढचं दार बंद आणि मागचं उघडं.

आईच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच होतं. गेस्ट नेटवर्क. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यावर नेट मिळतं, पण साधारणपणे घरातल्या बाकीच्या यंत्रांपर्यंत पोचता येत नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे वाटीभर साखर द्यायची, डबा नाही द्यायचा." मी अर्धा तास लावला असता हे समजावायला.

मग बाबांनी नवा पासवर्ड दोनदा लिहिला, सेव्ह दाबलं, आणि... फोन बंद. आमचा व्हिडिओ कॉल त्याच वायफायवर चालू होता! राउटरने पासवर्ड बदलला की जुन्या पासवर्डवर जोडलेली सगळी मंडळी बाहेर, मीसुद्धा. हे आधी सुचायला हवं होतं. लॅपटॉप राउटरला वायरने जोडून घ्यायला सांगितला असता तर निदान ते पान तरी समोर राहिलं असतं. वीस वर्षं नेटवर्किंगमध्ये काढली म्हणे.

पंधरा-वीस मिनिटं काही नाही. इकडे रात्रीचे साडेअकरा वाजत आलेले. बाबा आता वैतागणार, टाचणी शोधणार, असं काय काय मनात आलं. साधा फोन लावायला घेतला आणि ठेवला. लावला असता तर परत मीच "हे दाबा, ते दाबा" सुरू केलं असतं. आणि मग फोन वाजला, व्हिडिओवर. आपणहून. बाबांनी फोनमध्ये जुनं नेटवर्क विसरायला लावलं होतं ("फॉरगेट म्हणतंय, म्हटलं विसरू दे"), नवा पासवर्ड घालून जोडलं होतं, टीव्हीही जोडला होता. मागे आई वहिनींच्या मुलाला पाहुण्यांचा पासवर्ड कागदावर लिहून देत होती.

मान्य आहे, सगळ्यांचे आईवडील हे करू शकणार नाहीत. डोळे साथ देत नाहीत, हात थरथरतात. तिथे घरात येऊन शेजारी बसून करून देणारं ओळखीचं माणूस शोधावं. पण ज्यांना जमण्यासारखं आहे त्यांना आपण "राहू द्या, मी करतो" म्हणतो ते बऱ्याचदा आपला रविवार लवकर संपावा म्हणून. त्या दीड तासात बाबा वायफायपेक्षा एक मोठी गोष्ट शिकले, की फोनवरच्या आवाजाला "थांब, आधी मला कळू दे" असं म्हणता येतं. उद्या बँकवाला परत फोन करेल तेव्हा तेच उपयोगी पडणार आहे.

कौतुकाच्या भरात मी विचारलं, "मग पासवर्ड काय ठेवलात?"

"तुला कशाला हवाय? तू काय तिकडून जोडणारेस? दिवाळीत आलास की सांगतो."

आणि दिवाळीत गेलो तेव्हा बाबांनी मला पाहुण्यांचा दिला. असो.