मॅप मोजून भांडवल उभं राहत नाही

बॅचमध्ये हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. "सर, मी चार-पाच वर्षं व्हॅलोरंट खेळतोय, सगळ्या टीम पाठ आहेत. मॅचमध्ये किती मॅप होणार यावर ट्रेडिंग करून दुकानाचं भांडवल जमवू का?" स्पष्ट सांगतो, नका जमवू. का, ते हिशोबानेच बघू.

बेस्ट ऑफ थ्री मॅचमध्ये आधी दोन मॅप जिंकेल ती टीम विजयी. म्हणजे निकाल 2-0 किंवा 2-1. सौदा एवढाच, की तिसरा मॅप होणार का? 'हो' आणि 'नाही' यांचे भाव मिळून 10 रुपये. बरोबर ठरलात तर 10, चुकलात तर शून्य.

दोन्ही टीम बरोबरीच्या असतील, तर तिसरा मॅप होण्याची शक्यता 50 टक्के. एका टीमची प्रत्येक मॅप जिंकण्याची शक्यता 60 टक्के धरली, तर 48 टक्के. 70 धरली, तरी 42. म्हणजे टीमबद्दल तुम्हाला कितीही माहिती असो, आकडा फार हलत नाही. आणि जे तुम्हाला कळतं ते समोरच्यालाही कळतं. भावात ते आधीच आलेलं असतं.

आता कमिशन. समजा सौदा 5 रुपयांचा आहे आणि ॲप नफ्यातले 10 टक्के कापतं. 100 सौद्यांत 50 बरोबर आले, तर कमाई 225 आणि तोटा 250. नुसतं बरोबरीत राहायला 53 बरोबर यायला हवेत. तुम्ही जिंका की हरा, गल्ला ॲपचाच भरतो.

"पण सर, जोखीम तर धंद्यातही असते!" असते ना भाऊ. पण फरक ओळखा. मुंबईचा मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर. ज्याच्या गोदामात गाठी होत्या, त्याला त्या भावाचा उपयोग होता. बाकीच्यांसाठी तो नुसता आकडा होता. 1961 च्या सुमारास भाव यायचे बंद झाले, तरी आकडा चालूच राहिला. कारण त्यांना कापूस कधी नकोच होता. मॅपच्या सौद्यात तर गोदामच नाही. दुकानात तोटा झाला तरी माल उरतो, गिऱ्हाईक उरतं, होलसेलवाल्याकडची पत उरते. इथे काय उरतं?

कायद्याचंही बघा. सेबीने एप्रिल 2025 मध्येच बजावलं होतं, की ओपिनियन ट्रेडिंग तिच्या अखत्यारीत नाही आणि गुंतवणूकदाराला मिळणारं संरक्षण इथे मिळणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन मनी गेमवर बंदी घातली. प्रोबोसारख्या देशी ॲपनी पैशांचे खेळ बंद केले. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं, 50 लाख. तेव्हा रेफरल लिंक टाकून कमिशन कमावायचा विचार असेल, तर तोही सोडा. परदेशी साइटवर पैसे अडकले, तर दाद कुठे मागणार? 2023 मध्ये आपल्या नागपुरातल्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटी गेल्याची तक्रार दिली होती. आकडेमोड त्यालाही येतच असेल की.

मग खेळाचं ज्ञान वाया घालवायचं का? अजिबात नाही. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे. गेमिंग कॅफे, पीसी जोडणी-दुरुस्ती, कोचिंग, स्ट्रीमरसाठी व्हिडिओ एडिटिंग, टीमचे टी-शर्ट, यातलं काहीही करा. स्पर्धा भरवायची असेल, तर नोंदणीचे नियम वाचा, सीएला विचारा आणि सट्टा जवळपासही फिरकू देऊ नका.

या आठवड्यात एक काम करा. सौद्यात टाकणार होतात ते 5 हजार बाजूला ठेवा. कॉलेजजवळच्या दहा गेमर पोरांना विचारा, "तू महिन्याला कशावर पैसे खर्च करतोस?" उत्तरं वहीत लिहा. ज्या वस्तूचं नाव पुन्हा पुन्हा येईल, ती थोडी आणा आणि विकून बघा. दोन-चारच विकल्या गेल्या तरी तुमच्याकडे खरं गिऱ्हाईक असेल, आणि ते परत येऊ शकतं.