पायात वाळूच्या पिशव्या बांधलेले अद्भुत

मराठीच्या प्राध्यापकांच्या बैठकीत अलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते: मुले वाचत नाहीत, रात्ररात्र कोरियन मालिका पाहतात. तक्रारीचा सूर बहुधा सांस्कृतिक आक्रमणाचा असतो. जणू काही सोलहून कोणी फौजफाटा घेऊन आले आणि आपल्या तरुणांची अभिरुची पळवून घेऊन गेले. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नेमके उलट आहे. ज्या घरातून ही मुले बाहेर पडली त्या घराचा एक दरवाजा आपणच, समीक्षकांनी आणि अध्यापकांनी, दीडशे वर्षांपूर्वी बंद करायला घेतला होता. त्या दरवाजावर ‘अद्भुत’ असे लिहिले होते.

निमित्त आहे ‘मूव्हिंग’ ह्या मालिकेचे. कांग फुल ह्या चित्रकथाकाराच्या वेबटूनवर आधारलेली, त्यानेच पटकथा लिहिलेली ही वीस भागांची मालिका ऑगस्ट २०२३ मध्ये डिस्ने प्लसवर आली. पहिले सात भाग तेव्हा एकदमच प्रदर्शित झाले होते. हे टिपण त्या सात भागांपुरतेच आहे. त्यामुळे ह्याला समीक्षा न म्हणता पहिले ठसे म्हणावे. पण पहिल्या ठशांतूनच काही प्रश्न असे उभे राहिले की ते विसाव्या भागापर्यंत थोपवून धरणे जमले नाही.

कथेचा नायक किम बोंग-सोक हा बारावीच्या वयाचा, गुबगुबीत, लाजाळू मुलगा. त्याला उडता येते. अधिक अचूक सांगायचे तर त्याला न उडणे जमत नाही. मनात आनंद दाटला, कोणी आवडले, की पाय जमिनीवरून सुटतात. म्हणून त्याची आई त्याला पोटभर जेवू घालते, दप्तर जड करते, पायाला वाळूच्या पिशव्या बांधते. मन आवरण्यासाठी तो पायचे दशांश आकडे पुटपुटत बसतो. आई कटलेटचे छोटे उपाहारगृह चालवते. तिच्या पाचही इंद्रियांना अलौकिक धार आहे आणि ती सारी धार तिने मुलगा कोठे आहे, कसा आहे हे टिपण्यात खर्च केली आहे. त्याच्या वर्गात नव्याने आलेली जांग ही-सू हिला जखमा टिकत नाहीत. एका छळल्या जाणाऱ्या मुलीसाठी ती एकटी सतरा जणींशी भिडली, म्हणून तिला शाळा बदलावी लागली आणि बापाला भरपाईचे पैसे मोजावे लागले. तो बाप कोंबडी तळून विकण्याचे दुकान चालवतो. पाठीमागे कुठेतरी गुप्तहेर खात्याची सावली आहे, आणि निवृत्त झालेल्या अलौकिकांना एकेक करून टिपणारा एक मारेकरी आहे, तोही सामान पोचवणाऱ्या कुरियरवाल्याच्या वेषात.

ह्या तपशिलात पाहण्यासारखे काय आहे? अद्भुताचा पत्ता. अमेरिकी महानायक उंच इमारतीच्या टोकावर उभा असतो. येथे अद्भुत राहते ते भाड्याच्या दुकानात, तेलाच्या कढईपाशी, शाळेच्या व्यायामशाळेत. पहिल्या भागांत नायक आकाशात भरारी घेत नाही. तो तरंगू नये म्हणून एक बाई किती कष्ट घेते हे आपण पाहत राहतो. उडणे हे येथे सामर्थ्य नाही, घरखर्चासारखी रोज निभावायची गोष्ट आहे. बंडखोर वयातल्या मुलाला जमिनीवर ठेवण्यासाठी त्याच्या पायात वजने अडकवणारी आई कोणत्या मध्यमवर्गीय घरात नसते? वास्तववादी कथेला जे सांगायला दहा पाने लागतील ते येथे वाळूची एक पिशवी सांगून जाते.

आता आपल्याकडे वळू. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. त्याआधी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ आली होती. ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत रिसबूडांनी जे मांडले त्याचा आशय असा, की आपल्या लोकांच्या विवाहादी चालीरीतींमुळे त्यांच्या आयुष्यात ना चित्तवेधक गुण, ना चित्तवेधक दोष, रोजचे आहे ते लिहिले तर त्यात मन रमवणारे काही सापडणार नाही, म्हणून रंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताचाच आश्रय घ्यावा लागतो. पुढच्या काळात रिसबूडांची यथेच्छ चेष्टा झाली. वास्तव रटाळ आहे असे म्हणणारा हा कोण, असा सवाल झाला, आणि तो रास्तही होता. पण चेष्टा करणाऱ्यांनी रिसबूडांचे एक गृहीतक मात्र जसेच्या तसे स्वीकारले: वास्तव एका तीरावर, अद्भुत दुसऱ्या तीरावर. रिसबूड त्या तीरावर गेले, नंतरची प्रतिष्ठित मराठी कादंबरी ह्या तीरावर राहिली. पूल कोणी बांधलाच नाही. ‘मूव्हिंग’ हा अशा पुलाचा एक नमुना आहे. रटाळ वाटणारे रोजचे जगणे आणि अद्भुत ह्यांत निवड करावी लागत नाही. रटाळपणातच अद्भुत ठेवले की दोन्ही एकमेकांवर उजेड टाकतात.

अद्भुत मराठीतून नाहीसे झाले असे अर्थात नाही. ते मागच्या दाराने फिरत्या वाचनालयांत गेले. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावे एका पिढीला तोंडपाठ होती. नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली आणि ‘समर्थ’ हा दुष्ट शक्तींशी झुंजणारा नायक उभा केला. अलौकिक सामर्थ्याचा महानायक म्हणजे काय, हे मराठी वाचकाला नेटफ्लिक्सने शिकवायची गरज नव्हती. पण धारपांवर आपण काय लिहिले? लक्षावधी वाचकांनी दशकानुदशके जे वाचले त्याची भाषा, भीतीची रचना, त्यातला मध्यमवर्ग, त्यातली बाई, त्यातले घर ह्यांचा अभ्यास करण्याऐवजी ‘रंजनप्रधान’ हा एक शिक्का मारून आपण मोकळे झालो. धारपांच्या दुबळ्या जागा नाहीत असे नव्हे. अनेक कथांत परकीय कथांचे ऋण उघड आहे. पण दुबळ्या जागा दाखवायलाही आधी वाचावे लागते.

ह्या उपेक्षेची किंमतही मोजून झाली आहे. २०१८ चा ‘तुंबाड’ आठवा. राही अनिल बर्वे ह्यांच्या ह्या चित्रपटाला धारपांच्या कथेची प्रेरणा, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधले, वातावरण मराठी, बोलतो हिंदी. २०२४ चा ‘मुंज्या’ घ्या. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, पिंपळावरचा मुंजा अस्सल आपला. तोही बोलतो हिंदी. मराठीत दंतकथेतल्या मुखवटाधारी वीराला उभे करण्याचा ‘बाजी’ (२०१५) हा प्रयत्न झाला, त्यावरही गंभीर चर्चा आपण केली नाही. आपली भुते भाषांतर होऊन परत येतात आणि आपण अभिजात दर्जाचे (३ ऑक्टोबर २०२४) पेढे वाटतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो सर्वांत वजनदार आहे. नागपुरात तर तो यावाच. ज्या शहरात १९५६ साली दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी देवाचे अवतार नाकारण्याच्या प्रतिज्ञा दिल्या, ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला, तेथे अलौकिकाची तरफदारी कशी करायची? दलित आत्मकथनांनी नागडे वास्तव मांडले ते चमत्काराच्या कथांना विटूनच. हा आक्षेप टोलवून लावता येणार नाही. पण भोंदू बाबा आणि कथाकार ह्यांत एक फरक आहे. बाबा विश्वास मागतो आणि त्याची दक्षिणा घेतो. कथाकार दोन घटकांपुरता अविश्वास बाजूला ठेवायला सांगतो आणि त्या बदल्यात आपल्याच जगण्याकडे पाहायची एक जागा देतो. बोंग-सोकच्या पाया कोणी पडत नाही. त्याची आई त्याला मखरात बसवत नाही, लपवते. चमत्कार येथे पुण्याईचे फळ नसून राज्यसंस्थेच्या हाती लागू नये असे एक ओझे आहे. ह्यापेक्षा चमत्काराची अधिक विवेकी चिकित्सा कोणती?

शिवाय रोजच्या जगण्यात वावरणारे अलौकिक ही काही आयात केलेली चीज नव्हे. आपल्या विदर्भातच, ऋद्धिपुरात, तेराव्या शतकात गोविंदप्रभू होऊन गेले. म्हाइंभटांच्या ‘ऋद्धिपुरलीळे’तले हे परमेश्वररूप गल्लीबोळांतून भटकते, खायला मागते, रुसते, वेड्यासारखे वागते, मूर्तींशी बोलते. अलौकिकाला चुलीपाशी, पाणवठ्यापाशी आणून बसवणारे गद्य मराठीच्या पहिल्या गद्यग्रंथांतच आहे. आपण ते भाषेचा नमुना म्हणून शिकवतो, विभक्तिप्रत्यय मोजतो आणि कथनाची ही रीत तशीच सोडून देतो.

जरीपटक्यात शिकवताना ही मालिका आणखी एका कारणाने जवळची वाटते. मराठी साम्राज्याच्या निशाणाचे नाव धारण करणारी ही वस्ती घडली ती फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी. कोरियाची फाळणी १९४५ ची, आपली १९४७ ची. ‘मूव्हिंग’मधल्या आईबापांचे आयुष्य दुभंगलेल्या देशाच्या हेरगिरीने पिळून काढले आहे, आणि नंतर ते दुकाने टाकून गप्प बसले आहेत. मुलांना काहीच सांगितलेले नाही. गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या मौनामागे इतिहास असू शकतो, हे जरीपटक्यातल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. आपल्या मराठी कथेत दुकानदार बहुधा नायकाला उधारी नाकारण्यापुरता येतो.

तरीही ह्या मालिकेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. तिचे एक मर्म मला फार खटकते: सामर्थ्य येथे रक्तातून उतरते. उडणाऱ्याचा मुलगा उडतो, न मरणाऱ्याची मुलगी मरत नाही. गुण जन्मावरून ठरतात हे सूत्र सोलच्या प्रेक्षकाला निरुपद्रवी वाटेल. इंदोऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या वर्गात ते तसे राहू शकत नाही. मालिका वारशाला ओझे म्हणते, हे तिचे मोठेपण. पण वारसा हेच सत्य का, असा प्रश्न निदान ह्या सात भागांत ती विचारत नाही. शिवाय आईच्या अलौकिक इंद्रियांना मुलाखेरीज दुसरा विषयच नाही. सोशिक मातेची ही मूर्ती आपल्या दैनंदिन मालिकांहून फार वेगळी नाही, फक्त तिचे कान अधिक तिखट आहेत. मारामारीतल्या रक्ताचे लांबण तर अनेकदा निव्वळ हौसेचे आहे.

परंतु हे आक्षेप घ्यायचे कोठे? प्राध्यापकांच्या खोलीत चहा पिताना नव्हे, वर्गात. त्यासाठी मुलांसमोर ‘मंजुघोषे’ची प्रस्तावना, ‘ऋद्धिपुरलीळे’तल्या चार लीळा, धारपांची एक ‘समर्थ’कथा आणि ‘मूव्हिंग’चा पहिला भाग एका शेजारी एक ठेवावे लागतील. जन्मजात सामर्थ्याचा प्रश्न मग बहुधा आपल्याआधी मुलेच विचारतील. मुले वाचत नाहीत ही तक्रार करण्याचा हक्क हे करून पाहिलेल्यालाच आहे. बाकीच्यांनी बोंग-सोकच्या आईकडून एवढे तरी शिकावे: ती पोराच्या पायात वजने बांधते, पण त्याला उडता येते हे नाकारत नाही.